बसका पावलोवा

रेविनने न्यूझीलंडमधल्या टिमारूच्या फिलिपाला आपली लेक दत्तक दिली, तेव्हाच दर वाढदिवसाला भेटायचं ठरलं होतं. अर्थात फिलिपाच्या मर्जीने. फिलिपाचा पावलोवा, अंड्याच्या पांढऱ्याचा फुगवलेला केक, गल्लीत नावाजलेला. पण एका वर्षी रेविनने नेलेला पावलोवा जास्त फुगला आणि लेकीने तोच दोनदा मागून खाल्ला. पुढच्या वाढदिवसाला नेमकं फिलिपाकडे रंगकाम निघालं आणि भेट रद्द झाली.

यंदा फिलिपाने दारातच रेविनच्या डब्यात डोकावलं. “अगं बाई, बसला की गं तुझा केक! असू दे, सगळ्यांना थोडंच जमतं? पुढच्या वर्षी जरा लवकर ये, मी शिकवते.”



“येते की, ताई,” म्हणत रेविनने चिकट मूठ हळूच स्कर्टला पुसली. बाहेर गाडीत बसून जिने मुद्दाम केक दाबला होता, तीच.