नीलम्माच्या पोवळ्यांचा दोरा

नीलम्माचं मंगळसूत्र मी तिसऱ्यांदा ओवत होतो. दर खेपेला दोरा कुजवून आणायची, आणि मुरुम गावच्या बाजारात बदनामी व्हायची या पटवेकऱ्याची!

"पोरी, हे घालून विहिरीत बसतीस का काय?"

"विहिरीला पाणी कुठं हाय, मामा?" गळ्यात तेवढ्यापुरतं हळकुंड बांधून ती समोर बसली होती.

निजामाचं राज्य गेल्यावर तिचा नवरा दिल्ली सरकारच्या नोकरीत लागला. लांबच्या राखीव बेटांभोवती समुद्रात बुडी मारून पोवळी जिवंत आहेत का ते बघायचं, हे काम! मंगळसूत्रातली पोवळी त्यानंच आणलेली.

भर दुपारी मी नवा कोरा दोरा ओवून खुंटीला लटकवला. "आता बघतोच कसा भिजतो!"

भिजला. पोवळ्यांतून पाणी ठिबकलं. चाखलं तर खारट. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुकलं.

"वर आले," नीलम्मा पुटपुटली.

"कोण आलं? नीट बोल की!"

दोरा पुन्हा भिजला, तसा तिनं श्वास रोखला. मी पंच्यानं पुसत राहिलो, पाणी काही थांबेना.

"आगं, श्वास घे!" मी खेकसलो.

तिनं हळकुंड मुठीत घट्ट धरलं.

"मामा, त्येंना वर यायला एवढा वेळ कधी लागत न्हाय."