उतरलेला चेहरा

मयुरेशसाठी स्थळं बघता बघता प्रतिभाताईंची अख्खी सकाळ मोबाईलमध्ये गेली. एकजात सगळ्या मुली गोऱ्यापान, गुळगुळीत, टपोऱ्या डोळ्यांच्या, फिल्टरची कृपा! चहासाठी मान वर केली तर समोर दिवाकरराव. ताई दचकल्याच.

"अहो, बरं वाटत नाहीये का? चेहरा किती उतरलाय!"

"मला काय धाड भरलीय? आत्ताच मिसळ चापून आलोय."

पण ऐकतील तर त्या ताई कसल्या! काढा पाजून नवऱ्याला निजवलं आणि मयुरेशला दवाखान्यातून बोलावून घेतलं. तो डोळ्यांचा डॉक्टर. त्यानं बाबांकडे बघितलं, आईच्या मोबाईलकडे बघितलं आणि हसतच सुटला.

"आई, बाबा ठणठणीत आहेत. एकाच तऱ्हेचे चेहरे फार वेळ बघितले की मेंदूतल्या पेशी त्यांना सरावतात. मग तेच नेहमीचे वाटतात आणि खरा चेहरा आजारी दिसतो."

पुढे आठवडाभर "बाबांचा ताप उतरला का?" विचारून त्यानं आईला भंडावून सोडलं.

रविवारी तिघं देवळ्याला मुलगी बघायला गेले. मयुरेश गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीच्या शर्टात. दार मुलीच्या आईनं उघडलं. हातातल्या मोबाईलवर दुसऱ्याच मुलांचे फोटो अजून उघडे होते. त्यांनी मान वर करून मयुरेशकडे बघितलं आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन आत हाक मारली,



"स्वानंदी, पोहे राहू देत, आधी लिंबूसरबत आण! मुलाला गाडी लागलेली दिसतेय."