पुढचे मागे, मागचे पुढे

राजेश्वरी राहुरीहून भिंगारला माहेरी आली, की आप्पा तिच्या गाडीचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून ठेवायचे, चारही सारखे झिजावेत म्हणून. "मलाही शिकवा," असं तिनं म्हटलं, की हातातला पाना काढून घ्यायचे. "माहेरी आलीस ना? मग पड जरा."

मागच्या वर्षी मात्र त्यांनी हे काम सुनेला शिकवायला घेतलं. आत पडल्या पडल्या राजेश्वरीला अंगणातलं सगळं ऐकू यायचं. "माला, नट ओळीनं आवळू नको, समोरासमोरचे आवळ. वा, जमलं की!" आपल्याशी आप्पा इतक्या कौतुकानं कधी बोलले होते, ते तिला आठवेना. जिला गाडी चालवताही येत नाही, तिला शिकवायची एवढी हौस! राजेश्वरीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आप्पांचं तेरावं झालं. आता इथे पुन्हा यायचं तरी कुणासाठी, असं मनाशी म्हणत ती पिशवी घेऊन बाहेर आली. पाहते तर तिची गाडी जॅकवर चढलेली, आणि पदर खोचून वहिनी मागच्या चाकाशी बसलेली.

"राहू द्या, वहिनी. तुम्हाला कशाला ताप?"

वहिनीनं मान वर केली नाही.

 

"आसं कसं, ताई? आप्पा म्हनायचे, मी गेल्यावर राजीची गाडी दारात आली, की तिचे टायर तूच बघायचे. त्यापायीच तर शिकवलं मला."