शिवारात रेंज आली

जीवननं गच्चीवरच्या पाइपाला बांधलेली पांढरी डिश बोटभर डावीकडे सरकवली आणि मोबाइलकडे पाहिलं. सिग्नलच्या रेघा एकदम भरल्या. तिकडे, जुन्या मशिदीच्या मागे पसरलेल्या शिवारापल्याड, मळ्यातल्या घराच्या टिनांवर सकाळीच बसवलेली दुसरी डिश उन्हात ठिपक्याएवढी चमकत होती.

"लागलं!" तो जिन्याकडे तोंड करून ओरडला.

"आईचा फोन येते काय पाहा," खालून त्याच्या बायकोचा, छायाचा आवाज आला.

धाकटा भाऊ हर्षल गेल्यापासून आई मळ्यातच राहत होती. कितीही म्हटलं तरी गावातल्या घरी यायला तयार नव्हती. टॉवरच्या आड टेकडी येत असल्यानं तिथं मोबाइलला रेंज नाही. एकटी म्हातारी, काही झालं तर कळायचं कसं? म्हणून जीवननं घरचं वायफाय या दोन डिशांवरून मळ्यापर्यंत नेलं होतं. नाव तेच, पासवर्ड तोच. आईच्या हाती एक मोबाइल देऊन कुठं बोट ठेवायचं तेही शिकवून आला होता.

हातातला मोबाइल वाजला. आईच असणार म्हणून त्यानं हसतच पाहिलं.

हर्षलचा मेसेज होता.

जीवन कठड्याला टेकला. गव्हाला पाणी द्यायला रात्री मळ्यात गेलेला हर्षल सकाळी तिथल्या घरात बाजेवर निपचित सापडला होता. मण्यार चावली होती. झोपेतच गेला, त्याला काही कळलंही नसेल, असं सगळे म्हणाले होते. उशाखाली सापडलेला त्याचा फोन आईनं मळ्यातल्या कोनाड्यात ठेवला, तो कुणाला गावात नेऊ दिला नाही. फोनला लॉक होतं. तरी ती तो रोज चार्जिंगला लावायची, कारण बटण दाबलं की वर हर्षलचा फोटो दिसायचा.

आता त्या फोनला ओळखीचं वायफाय मिळालं होतं, आणि त्यात अडकून पडलेलं सगळं सुटून आलं होतं. आवाजाचे दोन मेसेज.

त्यानं पहिला लावला. मागे पाण्याची मोटार चालू होती.

"दादा, पायाले कायतरी चावलं रे. पट्टे दिसले मले. गाडी घेऊन ये ना."

दुसऱ्यात मोटारीचा आवाज नव्हता. हर्षल दारू प्यायल्यासारखे शब्द ओढत होता.

"दादा, निंघाला काय तू? डोये उघडे नाही राहून राह्यले माहे. बाजीवर पडतो म्या. मायले सांगजो नोको, थे भेईन. तू ये."

त्या रात्री जीवन याच घरात झोपला होता. गाडी अंगणात होती. मोबाइल हाताच्या अंतरावर होता.

छाया वर आली. "बोलल्या काय आई?" मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. "काय झालं हो?"

"गाडीची चाबी दे."

"काऊन? आत्ताच तर आले तुम्ही तिकून."

"दे ना."

ती चावी आणायला खाली गेली. जीवननं मोबाइल तोंडाजवळ धरला, माइकवर अंगठा दाबला. मग तो हळूच म्हणाला, "निंघालो रे. पडून राय. आलोच."

अंगठा उचलला. मेसेज पोचल्याच्या दोन रेघा लगेच उमटल्या.

शिवाररस्त्यावर त्यानं गाडी अशी हाणली, की समोरून येणाऱ्या गाडीवानानं बैल बांधावर घेतले. तो मागून काहीतरी ओरडला. जीवननं वळून पाहिलं नाही.

आई दारातच उभी होती. हर्षलचा फोन तिनं दोन्ही तळहातांवर धरला होता, पाणी सांडू नये तसा.

"हा वाजला," ती म्हणाली. "तो गेल्यापासून पयल्यांदा वाजला. वर तुहा फोटो आला. काय म्हनला तू त्याले?"

आईच्या मागे, घरात, बाज दिसत होती. जीवननं नजर खाली घेतली.

"काही नाही माय. लागते का नाही थे पाहत होतो."

"लागलं ना." आईनं पदरानं फोनची काच पुसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. "एक काम करजो बापू. रोज एखांदा पाठवत जाय त्याले. वाजला का घरात कोनी हाये असं वाटते."

"काय पाठवू?"

"कायबी," आई म्हणाली. "येऊन राह्यलो म्हनायचं."