सरांकडे उरलेला शब्द

"लेफ्ट," सर म्हणाले.

थोरलीने चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. उजवा हात लुळा पडला होता, तेव्हा तिला वाटलं, हेच हवं असेल. सरांनी चमचा ताटलीत ठेवून दिला.

"लेफ्ट."

"उरलंय ना, भांडंभर उरलंय. आधी एवढं तर संपवा, बाबा."

सरांनी मान हलवली आणि दाराकडे पाहिलं.

मेंदूच्या झटक्यानंतर त्यांच्याकडे हा एकच शब्द राहिला होता. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. याच शब्दावर ते अख्खा तास घ्यायचे. "डावीकडे वळा, उरलंसुरलं खा आणि 'निघून गेला' म्हणा, सगळं एका शब्दात! इंग्रज भलताच कंजूष," असं म्हटलं की वर्ग खिदळायचा. आता त्या शब्दातून काय उचलायचं ते थोरलीने ठरवायचं. ती कूस बदलून द्यायची, पंखा वळवायची, चहा शिल्लक आहे म्हणून सांगायची. दाराकडे बोट दाखवणारा अर्थ मात्र तिने कधी उचलला नाही.

सर दवाखान्यात होते त्याच आठवड्यात आई गेली. सर घरी आले तेव्हा तिचं कपाट रिकामं होतं, फोटो खणात पालथा पडला होता. "मावशीला बरं नाही, आई तिकडे गेलीय," असं थोरलीने सांगून टाकलं. शेजारणी यायच्या, दारातच आवाज खाली आणायच्या, तिचा हात दाबायच्या आणि परतायच्या. थोरली कुणासमोर रडली नाही.

धाकट्या भावाचा फोन यायचा. "ताई, सांगून टाक एकदाचं."

"तू ये आणि सांग."

"मला नाही जमणार. आईचा विषय निघाला की माझं डोकंच चालत नाही."

सरांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी एक दिवस थोरलीला बाहेर नेलं. "त्यांना सगळं कळतं. ते रोज काहीतरी विचारताहेत आणि तुम्ही उत्तर देत नाही. काही लपवलंय का?"

थोरलीने मागचं दार ओढून घेतलं.

"सांगा. कळलं की माणूस मोडतो, पण निदान सावरायला तरी लागतो."

दुपारी ती स्टूल ओढून पलंगाजवळ बसली. "बाबा, आईचंच विचारताय ना?"

सरांनी दाराकडे पाहिलं.

"ती मावशीकडे नाहीये. आई गेली, बाबा."

सरांचा डावा हात हवेत चाचपडला, तो तिने धरला. ते आवाज न करता रडले, बराच वेळ. मग तो हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला, पोरक्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. थोरलीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आणखी बोलून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

त्या दिवसापासून तो शब्द थांबला. सर चार घास जास्त जेवायला लागले. खुणेने आईचा फोटो मागून घेतला, उशाशी ठेवला. रोज सकाळी ते बाहीने त्याची काच पुसायचे. एकदा पुसता पुसता त्यांच्या तोंडून फुटलं, "माझी." थेरपिस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या. थोरली स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि पहिल्यांदाच रडली.

"आता शांत असतात," तिने धाकट्याला कळवलं.

"सुटलो. आता तो विषय कायमचा बंद," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. थोरलीने दार उघडलं. बाहेर बॅग घेऊन आई उभी होती. गालफडं बसलेली, केस विस्कटलेले.

"त्या माणसाला सोडून आले, कायमची," आई म्हणाली. "हे जागे आहेत का?"