आधी तुम्ही खा

“हे बघ वैनी, हे तिकडचं, लीड्सचं. लेबनानी लोकांचं हॉटेल हाये. ही चण्याची चटणी, अन् वरून ऑलिव्हचं तेल.”

रामप्रसादनं मोबाइल पुढं केला आणि शीतल भाकरीचं पीठ मळायचं सोडून त्यात डोकं घालून बसली. सोमेश्वर गल्ल्यावरून ते बघत होता आणि आतल्या आत जळत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या हॉटेलातल्या एकाही ताटाकडे बायकोनं असे डोळे लावले नव्हते.

शहागडच्या पुलाअलीकडे, हायवेला लागूनच सोमेश्वरचं हॉटेल. येसर घालून केलेलं काळं मटण ही तिथली खासियत. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो येसर शीतल घरी कुटायची, रस्सा मात्र सोमेश्वर स्वतः करायचा. बीडकडून येणारे ट्रकवाले भूक मारून इथपर्यंत गाडी रेटायचे. पण त्यांचं कौतुक म्हणजे एक ढेकर, आणि चालले. धाकटा भाऊ रामप्रसाद शिकायला इंग्लंडला गेला, तो नुसता खाऊन खाऊन नावारूपाला आला.

तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात तो तापानं चांगलाच लोळला होता. आईनं, पुष्पाबाईंनी, पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोलला. पोरगं उठलं ते हॉटेलांच्याच मागे लागलं. आज इटालियन, उद्या जपानी. समोर ताट, हातात मोबाइल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. हजारो लोक बघायचे. पुष्पाबाईही जपाची माळ बाजूला ठेवून बघायच्या. ते सोमेश्वरला फार लागायचं.

सुट्टीत घरी आला तरी तेच. एकदा सगळ्यांना जालन्याला घेऊन गेला, एकदा संभाजीनगरला. ताट आलं की घरच्यांपुढं सरकवायचा.

“आधी तुम्ही खा. आई, कसं लागलं?”

“आंबट हाये जरा. पण मागून गोड येतंय बघ.”

मग तो एक घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मोबाइलला सांगायचा, “सुरुवातीला जरासं आंबट, अन् मागून हळूच गोडवा येतो.”

आई लाजून हसायची. सोमेश्वर दातओठ खायचा. शब्द आमचे आणि नाव ह्याचं! परवा तर शीतल चहात साखर टाकायलाच विसरली. रामप्रसादनं कप रिकामा केला आणि वर “मस्त झालाय, वैनी” म्हणाला. आले मोठे साहेब, बिनसाखरेचे, असं म्हणत सोमेश्वरनं आपल्या कपात मुद्दाम एक चमचा साखर जास्त घातली.

एवढं सगळं झालं, पण मोठ्या भावाच्या मटणाबद्दल त्या मोबाइलसमोर एक अक्षर नाही. घरात जेवताना “छान झालंय दादा” एवढंच. सोमेश्वर रोज वाट बघायचा. स्वतःहून मागायचं तरी कसं? सगळ्या दुनियेच्या जेवणाची तारीफ करणाऱ्या भावानं एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताची चव मनापासून वाखाणावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी झोप उडाली होती बिचाऱ्याची.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी रामप्रसादच म्हणाला, “दादा, आज तुझं मटण दाखवतो सगळ्यांना. रोज ठरवून राह्यलो, अन् रोज राहूनच गेल्तं.”

सोमेश्वरच्या अंगात वारं भरलं. आचाऱ्याला त्यानं चुलीजवळ फिरकू दिलं नाही. खोबरं स्वतः भाजलं, कांदा स्वतः वाटला, येसर हातानं पेरला. रस्स्यावर काळपट तर्री आली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाहेरून भावाचा आवाज आला. मोबाइल काठीवर बसवून त्यानं लोकांशी बोलायला सुरुवातही केली होती.

“अशी चव जगाच्या पाठीवर दुसरीकडं कुठं सापडणार न्हाई!”

वाक्य ओळखीचं होतं. जालन्यातल्या पिझ्झ्याला हेच, लीड्सच्या चण्याच्या चटणीलाही हेच. आणि मटण तर अजून पातेल्यात होतं!

सोमेश्वरचं डोकं फिरलं. म्हणजे भावाच्या हाताची किंमत एवढीच? न चाखताच तारीफ? मग कर म्हणावं आता. त्यानं रामप्रसादची वाटी भरली, तीत मूठभर मीठ ओतलं आणि पळीनं ढवळलं. बोट बुडवून जिभेला लावलं आणि मोरीकडे धावत जाऊन थुंकला. सगळ्या लोकांदेखत एकदा तरी ह्याचं खरं तोंड दिसू दे.

बाकीच्यांच्या वाट्या त्यानं पातेल्यातून भरल्या आणि सगळं बाहेर आणून मांडलं.

“आधी तुम्ही खा,” रामप्रसाद म्हणाला. “वैनी, कसं झालंय?”

शीतलनं आपल्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवला. “झणझणीत झालंय. पण मीठ कमी पडलंय आज. जल्दीत इसरले असतील हे.”

पुष्पाबाईंनीही मान हलवली.

रामप्रसादनं आपल्या वाटीतून चांगला मोठा घास घेतला. सोमेश्वर खांबाला टेकून बघत राहिला. भाऊ सावकाश चावत होता. त्यानं डोळे मिटले, उघडले, दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग वाटी तोंडाला लावून अर्धा रस्सा पिऊन टाकला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्यानं ओठ पुसले आणि मोबाइलकडे बघून हसला.

“झणझणीत, एकदम बराबर. मीठ तेवढं कमी पडलंय,” तो म्हणाला आणि त्यानं सोमेश्वरपुढं हात केला. “दादा, दे बरं जरा.”