सहा गाड्यांचा साचा

बुडबुडा आला नाही.

पाण्याच्या टाकीत इंजिनाचा नवा ब्लॉक बुडवलेला होता. त्याची सगळी भोकं पट्ट्या आवळून बंद केलेली, आत कॉम्प्रेसरची हवा कोंडलेली. धातूत सुईएवढं छिद्र असतं तरी पाण्यावर बुडबुड्यांची माळ उठली असती. दहा मिनिटं झाली. टिंबर मार्केटातल्या त्या शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. एकटी स्वराली तेवढी आईच्या कडेवर पाय झाडत होती.

"झालं," दिगंबर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि परत पाण्यात पाहिलं. "अगं अपूर्वा, बघत काय उभी राहिलीस? कोइमतूरच्या वकिलांना फोन लाव. म्हणावं, तुमच्याही गाडीला होतो नवा ब्लॉक."

"लावते, बाबा."

कुठे खिळा-चूक तर नाही ना, म्हणून अपूर्वाने फरशीवरच्या गोणपाटावरून दोनदा तळवा फिरवला, मग लेकीला तिथे बसवलं आणि पर्समध्ये हात घातला.

"फोन जरा थांबू द्या, सूनबाई," शरच्चंद्र म्हणाले.

गाडी त्यांची. सन सदतीसची, विलायती. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, आणि अ‍ॅल्युमिनियमचा मूळ ब्लॉक पाण्याने आतून कुरतडून फुटलेला. त्या फुटक्या ब्लॉकवरून मापं घेत दिगंबरांनी, अपूर्वाच्या सासऱ्यांनी, चौदा महिने खपून सागवानी साचा केला होता. भोसरीच्या फाउंड्रीत तो रेतीत दाबून काढला, राहिलेल्या पोकळीत धातू ओतला, आणि हा ब्लॉक झाला. साचा टेबलावर मांडलेला होता. सव्वीस तुकडे, एकात एक बसणारे. त्यावर हवे तेवढे ब्लॉक निघाले असते.

शरच्चंद्रांनी बॅगेतून अपूर्वाचा अहवाल काढला. असा ब्लॉक नव्याने करता येईल का, कसा, आणि परवडेल का, हे तिने स्वरालीच्या झोपा सांभाळत महिनाभर टाइप केलं होतं. नवव्या पानावर पेन्सिलीची खूण होती.

"'देशात अशा आणखी पाच गाड्या असून त्या सर्व केवळ ब्लॉकअभावी बंद आहेत. एकाच साच्यावर सहा ब्लॉक ओतल्यास काम सहज परवडेल,'" त्यांनी सावकाश वाचलं. "वर मालकांची नावं, फोन नंबर. शुद्धलेखनही निर्दोष. मी समजत होतो, एखाद-दुसरी असेल कुठेतरी. पाच आहेत हे आपल्यामुळे कळलं."

अपूर्वा हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

"चालणारी एकच राहायला हवी," ते म्हणाले. "साचा कापून टाका."

टाकीतून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला.

"कापायचा?" दिगंबरांनी विचारलं.

"माझाच आहे ना? पान पहिलं. 'साच्यावर ग्राहकाची संपूर्ण मालकी राहील.' हेही सूनबाईंनीच लिहिलंय."

"सर, ती माणसं वाट बघताहेत," अपूर्वा म्हणाली. "बाबांनी शब्द दिलाय त्यांना. त्यांच्या गाड्या चालल्या म्हणून तुमचं काय कमी होणार आहे?"

"ती वाट बघताहेत म्हणून तर माझ्या गाडीकडे लोक बघतात. जमत नसेल तर तसं सांगा. बाहेर टेम्पो उभा आहे. घेऊन जातो, कुणीही फोडून देईल. कुऱ्हाडीने."

दिगंबर स्टुलावरून उठले.

"कुऱ्हाड नको," ते म्हणाले. "मी कापतो."

पहिल्या तुकड्याला त्यांनी गुण्या लावला, वर पट्टी धरली. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, म्हणून त्यासाठी किंचित लांब आखलेली त्यांची खास पट्टी. सवयीने हाताशी तीच आली. पेन्सिलीने सरळ रेघ मारली आणि मगच तुकडा मशीनच्या करवतीला लावला. उभा कापला, मग आडवा. पुढच्याला पुन्हा गुण्या, पुन्हा पट्टी, पुन्हा रेघ.

शरच्चंद्र रुमाल नाकाशी धरून मोजत होते.

"पंचवीस. अहवालात सव्वीस आहेत."

सव्विसावा कुठे आहे ते अपूर्वाला ठाऊक होतं. अंगठ्याएवढा गोल तुकडा, ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेचा. टेबलाखाली घरंगळलेला तो स्वरालीने उचलला, तोंडात घातला, आणि दिवसभर तिच्या तोंडाकडेच डोळे लावून बसणारी अपूर्वा पहिल्यांदाच काही न बोलता दुसरीकडे बघत राहिली होती. एका तुकड्याने काय होणार होतं? काही नाही. तरी.

"बाळ काय चघळतंय?" शरच्चंद्रांनी प्रेमळपणे विचारलं. "बघा हं, घशात जाईल."

अपूर्वा वाकली. स्वरालीने मूठ घट्ट आवळली. अपूर्वाने तिची बोटं एकेक करून उघडली. करवतीपेक्षा मोठा आवाज त्या पोरीने काढला.

"ओला आहे," दिगंबर म्हणाले. तुकडा त्यांनी सदऱ्याला पुसला, त्यावरही रेघ मारली आणि कापला. मग मशीन बंद केलं आणि दोन्ही हातांनी टेबलावरचा भुसा एका बाजूला सारला.

"आता मापांचे कागद," शरच्चंद्र म्हणाले.

"कागद नाहीत. आमच्यात मापं डोक्यात असतात."

शरच्चंद्रांनी बॅगेची चेन लावता लावता त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"वय काय म्हणालात आपलं?"

"एक्क्याऐंशी."

"मग राहू द्या तिथंच."